होस्टेलच्या गच्चीवरची येळवस

मुखेडची सृष्टी आमच्या लातूरच्या होस्टेलवर येऊन सहा महिने झाले होते, पण तिचा आवाज कसा आहे हे मला सांगता आलं नसतं. मी रेक्टर, माझ्या लक्षात राहतात त्या गोंगाट करणाऱ्या पोरी. दर रविवारी डॉक्टरकीच्या क्लासची परीक्षा, सोमवारी भिंतीवर मार्कांची यादी, आणि यादीत सृष्टी पार तळाला. हुशार पोरी पंख्याखाली घोळक्यानं जेवायच्या. ही सगळ्यांचं उरकल्यावर ताट घेऊन कोपऱ्यात बसायची. मला त्या यादीचा भारी राग येतो, तरी दर सोमवारी मीच ती डकवते.

येळवसेच्या आदल्या दिवशी ती माझ्यापुढं उभी राहिली. "मॅडम, उद्या शेतातली पूजा उरकून बाबा न्यायला येणार हायत. मी परत येणार न्हाई."

मी लई समजावलं. पण बॅग भरून झाली होती.

येळवसेला, म्हणजे वेळा अमावास्येला, अख्खं लातूर शेतात पूजा करून तिथंच जेवायला जातं. हॉटेलं बंद, रस्ते ओस. आमची स्वयंपाकीण सरजाबाईही सकाळीच गावी पळाली. दुसऱ्या दिवशी परीक्षा म्हणून अडकलेल्या चाळीस पोरींच्या पोटात कावळे ओरडू लागले. सगळ्या उद्याच्या डॉक्टर, पण एकीला भाकरी थापता येईना!

बॅगेवर बसलेली सृष्टी उठली. "कोठीत तुरीच्या शेंगा, हरभरा, पावटा हाय की. भज्जी करू."

भज्जी म्हणजे ह्या सगळ्या दाण्यांची बेसन लावलेली येळवसेची भाजी. मग काय, नुसता धिंगाणा! यादीत कायम पहिली असणारी तनुजा दाणे सोलता सोलता विचारते, "बेसन किती ग्रॅम?"

"अंदाजानं."

"अंदाज म्हणजे किती?"

"अगं, डोळ्यानं बघ की!"

पोरी हसून हसून लोळायच्या बाकी होत्या. पण घोळ झालाच. सृष्टीचा अंदाज शेतातल्या शंभर माणसांचा, त्यामुळं पातेलं काठोकाठ! आता शेतात कसं, वाटसरूला जेवल्याशिवाय पुढं जाऊ देत नाहीत. गच्चीवर शेतातल्या खोपटासारखी चादरींची कोप उभी राहिली, पाच दगडांचे पांडव पुजले गेले, आणि ही बया कठड्यावरून दिसेल त्याला हाका मारत सुटली. पाणीवाला आला, शेजारच्या लायब्ररीतली पोरं आली, एक पोलीसही लाजत लाजत आला. मी नियम सांगायला तोंड उघडलं, तर तनुजानं त्यात भज्जी-भाकरीचा घास कोंबला. काय चव होती म्हणून सांगू!

दुपारी खाली हेल्मेटवाला एक मोटारसायकलस्वार थांबला. सृष्टीनं आरोळी ठोकली, "ओ काका, या, आज आमच्याकडं जेवा!"

त्यानं हेल्मेट काढलं. तिचे बाबा, संगप्पा!

ते वर आले, पंगतीत बसले, दोनदा भज्जी मागून घेतली. चहूकडून "सृष्टी, इकडं! सृष्टी, मला!" चाललं होतं आणि लेक भिंगरीसारखी वाढत होती. हात धुतल्यावर त्यांनी विचारलं, "बॅग कुठाय, बाळा?"

"कसली बॅग?" म्हणाली, आणि मग जीभच चावली. "बाबा... उद्या परीक्षा हाय."

संगप्पा खो खो हसले. "कळलं मला. बापाला 'आमच्याकडं जेवा' म्हणलीस, तवाच कळलं. ऱ्हा हितंच."

मुखेडला निघालेल्या मोटारसायकलची मागची सीट रिकामी होती, आणि संगप्पा चक्क शीळ घालत चालले होते.