उन्हात की सावलीत

ती घटना आजही आठवली की मला एका जागी बसवत नाही. बायको म्हणते, निवृत्त झालात, आता तरी पाय थकू द्या. पण मे महिन्यात ऊन तापलं आणि शेजारच्या आवारात एखादा कोंबडा आरवला, की मी खुर्ची सोडतो आणि अंगणात फेऱ्या मारायला लागतो. त्या दिवशीही मी असाच ठाण्याच्या व्हरांड्यात फेऱ्या मारत होतो, आणि कुठेतरी एक म्हातारी बाई तळमळत पडली होती. कुठे, ते एकालाच माहीत होतं. तो माझ्यासमोर बसून चहा पीत होता.

तेव्हा मी झरी जामणी तालुक्यातल्या एका छोट्या ठाण्याचा ठाणेदार होतो. गावाचं आणि माणसांचं नाव सांगणार नाही. त्यातली एक बाई अजून हयात आहे आणि तिला नावाची चर्चा नको आहे.

सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात एक बाई तावातावाने आत आली. तिच्या शेजारची आत्या घरी नव्हती. आत्या हे काही तिचं नाव नव्हे, पण भाचा तिला आत्या म्हणायचा म्हणून अख्खं गाव म्हणायचं. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. भावाचा मुलगा आईविना राहिला, तेव्हा तिनेच त्याला उचलून आणलं आणि वाढवलं. त्याचं लग्न लावलं, त्याच्या मुलीचं बारसं केलं. त्याची बायको मुलीला घेऊन माहेरी गेलेली होती. आदल्या दिवशी ती मुकुटबनच्या बाजाराला म्हणून निघाली, ती परतलीच नाही.

आमच्या हवालदाराने नेहमीचं उत्तर दिलं. गेली असेल नातेवाइकांकडे, येईल. बाई त्याच्याकडे न बघता थेट माझ्याकडे वळली.

"शेळ्या दुधानं फुगल्या सायेब. सकाळपासून वरडून राह्यल्या. आत्या शेळ्या पिळल्याबिगर जाईन कुठं?"

एवढं ऐकून मी मिसिंगची नोंद घ्यायला लावली. खेड्यात माणूस सांगून जातो की न सांगता, यापेक्षा जनावरांची सोय लावून जातो की नाही, हे मी आधी बघायचो.

भाच्याला बोलावलं तर तो लगेच आला. तिशीतला, नीटनेटका, बोलायला गोड. आत्या तेलंगणात, नदीपलीकडे मावसबहिणीकडे गेली, आपणच तिला बसथांब्यावर सोडलं, असं त्याने सांगितलं. काळजीचे चार शब्दही बोलला. पण मला एक गोष्ट खटकली. ज्याचं माणूस हरवतं, त्याला ठाण्यातून जावंसं वाटत नाही. तो पुन्हा पुन्हा विचारतो, आता काय करणार, कुठे शोधणार. हा मात्र दर दोन वाक्यांनी मोबाइल काढून वेळ बघत होता. त्याला घाई होती. त्याला थांबवून धरायला माझ्याकडे काहीच नव्हतं, म्हणून पत्ता-फोन घेऊन जाऊ दिलं आणि मागे एक साध्या वेशातला शिपाई लावला. तो शिपाई चौकापर्यंत गेला आणि भाचा मोटारसायकलवरून निसटला.

पलीकडच्या ठाण्याशी बोलून मावसबहिणीच्या घरी माणूस पाठवला. आत्या तिथे पोचलीच नव्हती. बसथांब्यावरच्या पानटपरीवाल्यानेही तिला पाहिलं नव्हतं. म्हणजे भाचा खोटं बोलला होता. आता माझं डोकं तापलं. मी तीन दिशांना माणसं पाठवली, पोलीस पाटलांना फोन केले. मे महिना, भर उन्हाचा तालुका आणि सत्तरीची बाई. ती जिवंत असेल तर तिच्याकडे फार वेळ नव्हता.

अशात एका खबऱ्याचा फोन आला. नाल्याच्या पलीकडे पळसाच्या जंगलात कोंबडबाजार भरला होता. आमच्या भागात हा जुना रोग आहे. झुंजीच्या कोंबड्याच्या पायाला काती, म्हणजे धारदार पातं, दोऱ्याने घट्ट बांधतात. दोन कोंबडे समोरासमोर सोडतात आणि भोवती माणसं पैसे लावतात. हरलेला कोंबडाही जिंकणाऱ्याचा होतो. हल्ली बाजार कुठे भरणार, हे मोबाइलवर कळतं, एवढाच काय तो फरक. खबऱ्या म्हणाला, "सायेब, ज्याले काल कोनी उधारीत चहा पाजत नव्हतं, तो तुमचा भाचा आज मोठ्या डावावर उभा हाये."

आम्ही धाड टाकली तेव्हा त्याचा नंबर यायचा होता. गाडी दिसताच सगळे पांगले. पोलिसाला पाहून जुगारी सगळं टाकून पळतो, पैसे, चपला, मोटारसायकलसुद्धा. हा मात्र कोंबडा बगलेत धरून पळत होता. एका हाताने काटेरी झुडपं बाजूला सारत होता आणि दुसऱ्या हाताने कोंबड्याची मान जपत होता. पाखरू सोडलं असतं तर तो आमच्या हाती लागला नसता, इतका तो चपळ होता. हवालदाराने त्याला नाल्यात गाठलं.

ठाण्यात आल्यावर पंचनामा झाला, कोंबडा मुद्देमालात जमा झाला. जिवंत मुद्देमाल ही प्रत्येक ठाणेदाराच्या डोक्याला कटकट असते. त्याला दाणा कोण घालणार, तो मेला तर कोर्टात काय सांगणार. शिपायाने त्याला आवारातल्या कडुलिंबाला सुतळीने बांधलं आणि विषय संपवला.

मी भाच्याची चौकशी सुरू केली. आत्या कुठे आहे, एवढा एकच प्रश्न. त्याने आधीचीच गोष्ट सांगितली. मावसबहिणीकडे ती पोचली नाही म्हटल्यावर गोष्ट बदलली, ती वाटेत उतरून देवदर्शनाला गेली असेल म्हणाला. पैसे कुठून आले, तर मित्राकडून. मित्र कोण, तर बाहेरगावचा. आवाज कुठे कापत नव्हता, नजर कुठे चुकत नव्हती. आमचा एक जमादार कानाशी येऊन म्हणाला, सायेब, दोन मिनिटं मले द्या. मी नाही म्हणालो. मारून माणूस बोलतो हे खरं, पण मार चुकवायला तो कुठलंही ठिकाण सांगतो. त्या चुकीच्या ठिकाणी जाऊन यायला आमच्याकडे वेळ नव्हता.

मी त्याच्या लग्नाचं विचारलं, मुलीचं विचारलं, आत्याने लहानपणी काय खाऊ घातलं ते विचारलं. मला वाटलं, कुठेतरी पाझर फुटेल. तो शांतपणे उत्तरं देत राहिला. शोधायला गेलेली माणसं एकेक करून रिकाम्या हाताने परतत होती. मी खोलीतून व्हरांड्यात आणि व्हरांड्यातून खोलीत येरझारा घालत होतो. ऊन वाढत होतं, आणि माझी चिडचिडही वाढत होती.

मग तो बोलता बोलता अडखळला. पहिल्यांदाच. तो खिडकीतून बाहेर बघत होता. कडुलिंबाची सावली सरकली होती आणि कोंबडा भर उन्हात चोच उघडी टाकून धापा टाकत होता.

"सायेब, त्याले सावलीत बांधाले सांगा," तो म्हणाला. "पानी पाजा त्याले. मरन तो."

त्याचा आवाज कापत होता. दिवसभरात त्याने उच्चारलेलं हे पहिलं खरं वाक्य होतं. खरं सांगतो, रागाने माझे हात शिवशिवले. मी ते खिशात घातले आणि त्याला म्हणालो, चल, तूच पाज.

दोन शिपाई बाजूला ठेवून मी त्याला आवारात नेलं. त्याने कोंबडा सावलीत घेतला, मांडीवर धरला. लोटीतलं पाणी तोंडात भरून त्याच्या पंखाखाली हळूच फुंकलं, मानेवर फुंकलं, झुंजीचे लोक करतात तसं. मग ओंजळीतून पाजलं. बोटाने त्याची छाती चोळली. इतकी माया करताना मी बापांनाही क्वचितच पाहिलं आहे. मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसलो.

"तुझी आत्या आत्ता उन्हात आहे का सावलीत?" मी विचारलं.

त्याने वर पाहिलं नाही. हात कोंबड्यावरून फिरतच होता.

"उनात," तो म्हणाला.

पुढचं त्याने न विचारता सांगितलं. बाजाराला नेतो म्हणून आत्याला मोटारसायकलवर बसवलं आणि जुन्या बंद दगडखाणीकडून गाडी घातली. तिथे तिच्या गळ्यातली पोत मागितली. ती म्हणाली, ही तुझ्या पोरीच्या लग्नाची आहे, तुझ्या डावाची नाही. त्याने ओढली, तिने धरून ठेवली, आणि त्याने तिला ढकललं. ती खाली एका कपारीवर पडली. तिचा पाय मोडला होता आणि ती खालून त्यालाच हाका मारत होती. तो पोत घेऊन गहाण ठेवायला गेला.

मी विचारलं, ती जिवंत आहे हे माहीत असून तिला तशी टाकून तू कोंबडबाजाराला गेलास? त्यावर तो जे बोलला ते मी कधी विसरणार नाही.

"एक झुंज होती सायेब. हा जिंकणारच होता. जिंकलो असतो तर पोत सोडवून आनली असती, आत्याले काढलं असतं, दवाखान्यात नेलं असतं. तुमी धाड टाकली अन् सारं बिघडलं."

तो थट्टा करत नव्हता, सबब सांगत नव्हता. त्याचा त्यावर पूर्ण विश्वास होता.

आम्ही दोरखंड आणि एक बाज घेऊन खाणीवर पोचलो. वरून डोकावलं तर कपारीवर लुगड्याची चुरगळलेली घडी दिसली. शिपाई उतरला आणि त्याने खालून ओरडून सांगितलं की श्वास चालू आहे. तेव्हा आमचा तो मार द्यायला निघालेला जमादार तोंड फिरवून रडला. आत्याने सरपटत जाऊन दगडाच्या आडोशाला डोकं तेवढं घातलं होतं, बाकी अंग उन्हात भाजत होतं. बाजेला बांधून तिला वर काढलं. पाण्याचे थेंब ओठांवर पडल्यावर ती पहिल्यांदा पुटपुटली, शेळ्या कोणी पिळल्या का.

यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात ती शुद्धीवर आल्यावर मी जबाब घ्यायला गेलो. सोबत लिहून घेणारा हवालदार होता. ती म्हणाली, पाय घसरला, मीच पडली. पोत कुठे गेली, तर पडली असेल कुठेतरी. मी भाच्याने कबुली दिल्याचं सांगितलं. तरी तिचं एकच, पोरगं घाबरून काहीही बोललं असेल, तुम्ही लिहा की मी पडली.

ठाण्यातली कबुली कोर्टात टिकत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. सोनाराकडून पोत हाती आली असती, पण ढकललं हे तिच्याशिवाय कोण सांगणार? मी उठायच्या बेतात होतो. तेवढ्यात तिने विचारलं, "मी कुठं हाये ते त्यानंच सांगतलं न सायेब? त्याले माही आठवन आली असन."

तिच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती, की हो म्हणून टाकावं असं वाटलं. हो म्हणणं सोपं होतं. तिला त्याने बरं वाटलं असतं, आणि तो जामिनावर सुटून पुन्हा तिच्याच घरात गेला असता. मी बसलो आणि जे घडलं ते तसंच सांगितलं. कोंबड्याची धाप, सावली, पाणी, सगळं. तिने लहानपणी काय खाऊ घातलं ते विचारल्यावरही त्याचा आवाज हलला नव्हता, तो कोंबड्यासाठी कापला, हेही.

तिचं हाड मोडलं तेव्हा ती ओरडली असेल, आता ती अजिबात आवाज न करता रडत होती. मग तिने पदराने डोळे पुसले आणि हवालदाराकडे मान वळवली.

"लिवा," ती म्हणाली. "त्यानं मले ढकललं."

त्या जबाबावर खटला उभा राहिला आणि भाच्याला शिक्षा झाली. ही हकीकत मी सांगतो तेव्हा लोक हमखास विचारतात की त्या कोंबड्याचं पुढे काय झालं. आत्याचं काय झालं, हे फार थोडे विचारतात.

जुगाराची माणसं मी नोकरीभर पाहिली, पत्त्यांची, आकड्यांची, आता मोबाइलवरच्या खेळांची. त्यांना दगडाच्या काळजाची समजून आपण चुकतो. त्या भाच्याच्या अंगात माया होती, पण ती सगळी डावाच्या बाजूला जाऊन बसली होती. दुसरी गोष्ट, जुगारी चोरी करतो तेव्हा त्याच्या लेखी ती चोरी नसते, उसनवारी असते. बायकोचं डोरलं, मालकाची रक्कम, सगळं तो संध्याकाळी परत करणार असतो. आत्यालाही त्याने त्या खाणीत उसनंच ठेवलं होतं. घरातला कोणी "फक्त एकदा, मग सगळं परत करतो" म्हणू लागला, तर त्या क्षणी सावध व्हा. ठाण्यात येण्याची वेळ येईपर्यंत थांबू नका.

निवृत्तीनंतर एकदा त्या भागात गेलो, तेव्हा आत्याला भेटलो. काठी टेकत चालते, शेळ्या आहेत, भाच्याची मुलगी तिच्याजवळच शिकते. जेलमध्ये भाच्याच्या मुलाखतीला ती एकदाच गेली होती, असं तिने सांगितलं. तो पायाबद्दल बोलला का, मी विचारलं.

"नाई," ती म्हणाली. "म्हने, आत्या, मी भायेर आलो का एका झटक्यात सारं परत करतो. मी तशीच उठून आली, सायेब. त्याचा डाव अजून चालूच हाये."