आण्णांचा आडवा हात

आधीच सांगून ठेवते – भुतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. भयपट मात्र मी ढिगाने बघते. भूत खोटं असतं अशी खात्री असलेल्यालाच त्यात खरी मजा येते, असं माझं मत... होतं.

या उन्हाळ्यात मी आणि माझा नवरा संदीप माझ्या माहेरी, पुणतांब्याला होतो. त्याआधी दोनदा दिवस राहून गर्भ पडला होता. आता पुन्हा नाही, हा विषय बंद, असं आम्ही ठरवलं होतं. रिकामं बसून रडायचं नाही, हे मी माझं वेगळं ठरवलं होतं. म्हणून एक लेख हाती घेतला – भयपट कसे बदलत गेले. त्यासाठी आईला एकाच संध्याकाळी दोन सिनेमे दाखवायचे होते, एक आजचा आणि एक तिच्या काळचा.

आईच का, तर माझे वडील, आण्णा, तंबूतल्या टॉकीजचे ऑपरेटर होते. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. गोदाकाठच्या जत्रांमधून तो तंबू फिरायचा. मधोमध पडदा, पुढे पुरुष, मागे बायका. बायकांना सगळं चित्र उलटं दिसायचं, पण कोणाची तक्रार नसे. आण्णांची एक रीत होती. भुताचा सिनेमा असला आणि बायकांत कोणी पोटुशी बसलीय असा निरोप आला, की भुताचं तोंड दिसायच्या वेळी ते मशीनपुढे हात आडवा धरायचे. आवाज चालू, चित्र बंद. पुरुष शिव्या द्यायचे, आण्णा ढिम्म हलत नसत. माझ्या वेळी आईच पोटुशी होती. त्यामुळे एक गाजलेला सिनेमा तिने अख्खी जत्रा रोज पाहिला आणि त्यातलं भूत एकदाही पाहिलं नाही!

नेमका तोच सिनेमा मला नेटवर सापडला. म्हटलं, आईला भूत दाखवायचंच.

अंगणात दोरीवर आण्णांचं पांढरं धोतर ताणून लावलं, स्टुलावर प्रोजेक्टर ठेवला. दिवेलागणीला सुरुवात केली. आई सवयीने धोतरामागे जाऊन बसली. आधी आजचा सिनेमा – लांबलचक शांतता, रिकामी खोली, मधेच दचकवणारा आवाज. आईला जांभया यायला लागल्या. म्हणाली, "ह्यात भूत येतच न्हाई, तर भ्यायचं कुनाला?" हे लेखात घ्यायचं असं मी लगेच ठरवलं.

मग जुना लावला. रबरी पंजे, हिरवा उजेड, करकरणारं दार. मी आणि संदीप बाजेवर बसून पोट धरून हसत होतो. दार उघडलं, नायिकेने किंकाळी फोडली... आणि धोतरावर काळोख पसरला. किंकाळी चालूच. त्या काळोखात फक्त उजेडाची एक तिरकी रेघ.

मी प्रोजेक्टरकडे पाहिलं. दिवा चालू. जवळपास कोणी नाही, लेन्सवर पाल नाही, पाखरू नाही.

धोतरामागून आईचा आवाज आला, अगदी शांत. "मशीनवर भाजल्यापासून त्यांची बोटं जुळत न्हवती. मधून अशीच रेघ यायची." मग म्हणाली, "बाई, तुला दिवस गेल्यात का?"

मला राग आला. या विषयावर घरात कोणी बोलायचं नाही, असं सांगून ठेवलं होतं ना! मी प्रोजेक्टर बंद केला आणि न जेवता आत जाऊन पडले.

आईला खोटं पाडायचं म्हणूनच दोन दिवसांनी कोपरगावला दवाखान्यात जाऊन तपासून घेतलं. दिवस गेले होते.

संदीपने नंतर प्रोजेक्टर दुकानात उघडून घेतला, फाइल लॅपटॉपवर लावून पाहिली. कशातच दोष नाही, भूत स्वच्छ दिसतं म्हणे. मी पाहिलेलं नाही. आता सातवा महिना लागलाय, मागच्या दोन्ही वेळी इथवर पोचलेच नव्हते. लेख अर्धाच पडून आहे. त्या संध्याकाळी काय झालं, ते आजही मला सांगता येत नाही. तुमच्यात कोणाला प्रोजेक्टरमधलं कळत असेल तर जरूर सांगा, ऐकून घेईन. पण बाळ हातात आल्याशिवाय तो सीन मी बघणार नाही, म्हणजे नाही.

भुतांवर माझा अजूनही विश्वास नाही. आण्णांच्या हातावर आहे.