मामासाठी घातलेलं गाऱ्हाणं

लालबागच्या चाळीत आई खाणावळ चालवायची. समोरच्या खोलीत कोकणातल्या आमच्या गावचे गिरणी कामगार दाटीवाटीने राहत आणि आमच्याकडे जेवत. आईचा धाकटा भाऊ, माझा मामा, त्यांच्यातच असायचा, पण अर्धं वर्षच. गावी तो दुसऱ्यांच्या शेतांवर राबायचा. भात कापून झालं की मुंबईला येऊन गिरणीत गैरहजर कामगारांच्या जागी बदलीचं काम करायचा आणि लावणीच्या आधी परत जायचा.

मामा गोड माणूस. माझी वेणी आईपेक्षा बरी घालायचा. पण उन्हाळा सरत आला की त्याचं जेवण तुटायचं. छाती धडधडते म्हणायचा. लावणीला कोण बोलावेल, आजारी पडलो तर वर्षाच्या तांदळाचं काय, हेच दळण दळत बसायचा. मग दारूबंदी असूनही गल्लीत सहज मिळायची ती हातभट्टीची पिऊन यायचा. गावी तर शेताचा मालकच सकाळी मजुरांच्या हातात पेला द्यायचा, अंग गरम राहावं म्हणून. मेल्याचा मला अजून राग येतो. आदल्या वर्षी मामा पिऊन शेतातल्या चिखलात पालथा पडला. बायकांनी ओढून काढला म्हणून वाचला. आता आईचा जीव त्याला पाठवायला धजत नव्हता, आणि न जाऊन भागणार नव्हतं.

शेवटी खोलीतल्यांनी गावच्या देवाला गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. रविवारी सकाळी नारळ ठेवला. खोलीतले सगळ्यांत वडीलधारे, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, ते हात जोडून उभे राहिले. “बा देवा म्हाराजा, ह्या लेकराची दारू सोडव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे गरजले.

गाऱ्हाण्यात बायका मध्ये बोलत नाहीत. आई बोलली. “आबानू, दारू मागसून. आदी तेचां भियां घालवूक सांगा. भियां गेलां तर दारू कित्याक पितलो?”

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. ही माणसं मोर्च्याहून घसा बसवून यायची, लाठीचे वळ कौतुकाने दाखवायची. बाप्याला भीती वाटते, असं त्या खोलीत कोणी उच्चारलंच नव्हतं. मामा मान खाली घालून रडायला लागला.

आबांनी घसा खाकरला आणि भीतीचं गाऱ्हाणं घातलं. “व्हय म्हाराजा” या वेळी हळू आलं. मग गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा एक आडदांड गडी, माझ्याकडून नेहमी जास्तीची आमटी उकळणारा, भिंतीकडे बघत म्हणाला, “आबानू, माझांय घाला तेच्यात.” मागून आणखी एक. मग आणखी. गाऱ्हाणं लांबतच गेलं आणि इकडे भात करपला. आई त्या दिवशी कोणावरही ओरडली नाही. मला तर ती सकाळ सणासारखी वाटली.

मामा लावणीला गावी गेला. भात कापून परत आला तेव्हा अंगाने भरला होता. जेवता जेवता त्यानेच सांगितलं. मालकाने पेला पुढे केला तेव्हा तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, “माका भियां वाटता. पण ह्यां नको.” शेतावरचे गडी पोट धरून हसले. मामाही हसला आणि लावणीला वाकला.

“आणि धडधड?” आईने विचारलं.

“होती गे. पण शेत लावून झालां.”