संभाच्या डोळ्यांचा रंग

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. नमाजनंतर दुवा मागायला हात वर केले की तोंडाशी येतं — आणि मी दुसरंच काहीतरी मागून उठतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही संभाला ओळखत नाही.

सांगलीत विश्रामबागला माझा फोटो स्टुडिओ आहे. संभा शाळेपासूनचा दोस्त, शिराळ्याकडचा. फौजेतून रिटायर होऊन ऊस बघत होता. त्याच्या बहिणीच्या साखरपुड्याचा अल्बम मी केला, आणि त्यात सगळी माणसं पिवळी आली. माझा मॉनिटर निळसर दाखवायचा, म्हणून मी फोटोत पिवळा वाढवत गेलो होतो. संभानं भर पाहुण्यांत अल्बम उघडला. "कावीळ झालेल्याला सगळं पिवळंच दिसतंय, सल्या. आधी तुजं डोळं तपासून घे रं." सगळे हसले. मीही हसलो. पण लय लागलं ते.

मग मी रंग जुळवायचं यंत्र आणलं. खोलीत अंधार करून ते स्क्रीनवर लटकवायचं. स्क्रीनवर एकेक रंग येत जातो, यंत्र तो मोजतं आणि स्क्रीन सुधारतं. आता पांढरा तो पांढरा. मनात म्हटलं, आता बोल म्हणावं संभाला.

बहिणीचं लग्न झालं, फोटो मीच काढले. हळदीचे फोटो उघडले. गाल पिवळे, कपाळं पिवळी — हळदच ती. पण डोळ्यांतला पांढरा भाग सगळ्यांचा पांढरा होता. संभाचा नव्हता. मग अक्षतांचे फोटो उघडले. तिथे हळद धुतलेली, डोळे मात्र तसेच. यंत्र परत लावलं, स्क्रीन परत जुळवला. स्क्रीन बरोबर होता.

फोन हातात घेतला होता मी — खोटं कशाला सांगू? नंबरही काढला. आणि त्याचं हसणं ऐकू आलं. सल्या, परत कावीळ? त्या हसण्याला मी घाबरलो. चाळिशी उलटलेला माणूस एवढ्याला घाबरतो का? मी घाबरलो. फोन ठेवला आणि संभाचे डोळे पांढरे केले. प्रत्येक फोटोत.

अल्बम त्याला फार आवडला. पुढे एकदा त्याच्या ओसरीवर चहा पीत होतो. त्याची बायको, शारदावहिनी, त्याच्या मागे लागली होती — डोळे पिवळे दिसतात, जेवण जात नाही, डॉक्टरला दाखवा. संभानं आतून अल्बमच आणला. "ह्ये बघ की. सल्यानं मशीन लावून रंग काढल्यात. कुटं पिवळं हाय? इच्यार त्येला."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "व्हय, भावजी?"

संभा हातभर अंतरावर बसला होता. उजेड होता. मला दिसत होतं. — तेव्हा तरी? तेव्हा तरी बोलता आलं असतं की नाही?

"फोटोत तर चांगले आलेत, वहिनी," मी म्हणालो. संभा हसला. तो विषय तिथंच संपला.

ऊस तुटून गेला तेव्हा त्याला सांगलीच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टर म्हणाले, लिव्हर गेलंय, आधी यायला हवं होतं. तिथून तो घरी परतला नाही.

तेराव्याच्या आधी वहिनी स्टुडिओत आल्या. भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा होता. लग्नातलाच द्या म्हणाल्या, त्यात तब्येत चांगली दिसते. पिवळ्या डोळ्यांचा मूळ फोटो अजून माझ्याकडे आहे. मी दुसरा छापला. फ्रेम मीच घेऊन गेलो, खिळाही मीच ठोकला.

वहिनी फोटोजवळ आल्या. मग पदरानं काच पुसत म्हणाल्या, "रंग अगदी त्येंच्यागत आलाय, भावजी."

मी हो म्हणालो.