बंद बॅटरीला लावलेला कान

मास्तरांना वीज ऐकू येते, असे आमच्या गल्लीत म्हणत. त्यात कौतुक होते आणि थोडी चेष्टाही. कोणाचा पंखा कुरकुरला, की मास्तर दारातूनच सांगत, "बेअरिंग गेलंय, उगाच वायरी उसकटू नका." ते बहुधा खरे निघे. धंदेशिक्षणाच्या शाळेत त्यांचा सारा जन्म मुलांना तारा जोडायला शिकवण्यात गेला होता, आणि निवृत्तीनंतरही टेस्टर खिशातून हलला नव्हता.

बॅटरी चार्ज करण्याची त्यांची रीतही त्या शाळेतलीच. जुन्या बॅटऱ्यांना वर बुचे असत. बुचे उघडायची, पाणी पाहायचे, चार्जर लावायचा आणि कान जवळ नेऊन ऐकायचे. आत बुडबुडे नीट फुटू लागले, की बॅटरी भरली. याच आवाजावर त्यांनी मुलांच्या किती तरी तुकड्या तयार केल्या.

त्यांची धाकटी मुलगी नदीवर विजेच्या मोटरची छोटी बोट चालवी. या काठावरची माणसे त्या काठावर कामाला नेणे, आणणे, हाच तिचा धंदा. बोटीची बॅटरी संपली तेव्हा ती वडिलांना घेऊन धक्क्याजवळच्या दुकानात गेली. दुकानदार मास्तरांचाच विद्यार्थी. त्याने जेलची, म्हणजे आत पाण्याऐवजी घट्ट लगदा असलेली, बुचे नसलेली बंद बॅटरी दिली आणि एक लहानसा चार्जरही पुढे केला.

"सर, हिला हाच लावा. भरली की आपोआप थांबतो."

"आपोआप थांबतो? म्हणजे कामचुकार आहे की!" मास्तर म्हणाले. "शाळेतला जुना चार्जर पडलाय माझ्याकडे. तो उचलायला दोन माणसं लागतात, माहीत आहे ना?"

दुकानातली माणसे हसली. दुकानदाराने काही बोलण्यासाठी तोंड उघडले. पण ज्यांच्या हातची छडी खाल्ली, त्यांना चारचौघांत उलट उत्तर देणे त्याच्याने झाले नाही. चार्जर परत फळीवर गेला.

त्या दिवसापासून बोट काठाला लागली, की मास्तर आपला अवजड चार्जर हातगाडीवर घालून हजर. चार्जरचे बटण आधीच चालू, मग बॅटरीला चिमटे. ठिणगी उडाली, की त्यांना समाधान वाटे. पाण्याचे तुषार नकोत म्हणून बॅटरीच्या कप्प्याचे झाकणही बंद. मधूनच ते झाकण उचलून ते कान लावत. आत शांतता. मग चार्जरची कळ आणखी एक घर पुढे सरके.

"बाबा, गरम लागतेय ही," मुलगी एकदा म्हणाली.

"कामाला लागली म्हणून गरम आहे. कामं टाळणारी माणसं थंड असतात."

जेलच्या बॅटरीत बुडबुडे ऐकू येणार नव्हतेच. जो आवाज होणे शक्य नव्हते, त्याची वाट पाहत मास्तर तिला रोज नको तितकी वीज पाजत राहिले.

एका सकाळी भरली बोट नदीच्या मध्यावर बंद पडली. प्रवाह तिला पुलाच्या खांबांकडे ओढू लागला. एक परिचारिका रडू लागली, कोणी मुलीला शिव्या घातल्या. वाळूवाल्यांच्या नावेने दोर टाकून बोट काठाला आणली, तेव्हा धक्क्यावर बघ्यांची गर्दी होती. मुलीने झाकण उघडले. सडक्या अंड्यासारखा वास आला. बॅटरी दोन्ही अंगांनी फुगली होती, आणि फुगलेल्या अंगावरची अक्षरे ताणली जाऊन अधिकच मोठी दिसत होती: जेल बॅटरी, योग्य चार्जरच वापरा, जागा हवेशीर ठेवा. मास्तरांनी ती चष्म्याशिवाय वाचली.

"काय झालं गं ताई?" कोणीतरी विचारले.

मुलीने वडिलांकडे पाहिले नाही. "बॅटरीच खराब निघाली," ती म्हणाली.

हे ती आपल्यासाठी बोलली, हे मास्तरांना कळले. दुकानदारालाही सारे कळले असावे. त्याने एका शब्दाचाही वाद न घालता बॅटरी बदलून दिली. मग त्याच्याकडचा माल फसवा आहे, अशी बोलवा धक्काभर झाली. बोटवाले लांबच्या दुकानात जाऊ लागले.

मास्तर घराबाहेर पडेनासे झाले. गल्लीत कोणी पंख्याचे विचारले, तर "मिस्त्रीला बोलवा" एवढेच म्हणत. मुलगी समजूत घालू लागली, "बाबा, लोक विसरतील." त्यावर ते खाली पाहत म्हणाले, "लोक त्याच्या दुकानाची वाट विसरतील. मला कुठे कोणी काही म्हणतंय?"

दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले. दुकानदार घाईने उठून उभा राहिला. मास्तरांनी तो लहान चार्जर मागितला. डब्यातला कागद उलगडून ते उभ्यानेच, ओळीवर बोट ठेवून वाचू लागले: झाकण उघडे ठेवा, आधी चिमटे, मग बटण, काढताना आधी बटण.

तेवढ्यात मासेमारीच्या बोटीचा एक मालक आत डोकावला. "मास्तर, तुम्ही इथं? अहो, याच्या बॅटऱ्या फुगतात! तुमच्याच पोरीला विचारा."

दुकानदाराने मास्तरांकडे पाहिले आणि चटकन मध्ये पडला. "असतो दादा, एखादा नग खराब असतो. सरांचा काय संबंध?"

मास्तरांनी कागदावरून मान वर केली. "नग चांगला होता. त्याच्या अंगावर सगळं लिहिलेलं होतं, मी वाचलं नाही. फुगवली ती मी."