यात मोरी कुठंय?

बायको जाऊन वर्ष होत आलं. भेटायला येणारी माणसं आधी तिच्या फोटोला हात जोडतात आणि मग गॅलरीत जाऊन म्हणतात, "काय वारा येतो हो तुमच्याकडं!" मी मान हलवतो. वाऱ्याचं काय सांगायचं त्यांना? हा वारा मीच मागून घेतलेला आहे.

आमचं जुनं घर ह्याच जागेवर होतं, बिबवेवाडीतच. बैठ्या चाळीत दोन खोल्या, वर पत्रा. मी चौथी शिकलेला, मार्केटयार्डात हमाली करायचो. स्वयंपाकाच्या खोलीच्या कोपऱ्यात मोरी होती. घरात कुठंही बसा, मोरी दिसायची. तेव्हा त्याचं कुणाला कौतुक नव्हतं.

मग बिल्डर आला. चाळ पाडायची, इमारत बांधायची, ज्याला त्याला फ्लॅट. नकाशा दाखवायला मांडव घालून बैठक झाली. पुरुष पुढं, बायका मागं. आमची ही मागनं उठली आणि सगळ्यांदेखत विचारलं, "यात मोरी कुठंय?"

बिल्डरचा माणूस हसला. मी त्याच्याहून मोठ्यानं हसलो. "अगं, आता बेडरूमलाच संडास-बाथरूम असतं. मोरीबिरी सोड आता. बस खाली!"

ती बसली. परत काही विचारलं नाही.

वय झालेल्यांनी पहिला मजला घ्यावा, असं चाळीतले शहाणे लोक म्हणत होते. मी सहावा मागितला. म्हणालो, "जन्मभर लोकांच्या पोत्याखाली वाकलो. आता वरनं बघणार." टाळ्या पडल्या. त्या आठवल्या की आजही कानशिलं तापतात.

राहायला आलो आणि थोड्याच दिवसांत हिचं विसरणं सुरू झालं. आधी डब्यातलं, मग माणसांची नावं. डॉक्टर म्हणाले, डिमेन्शिया आहे, हे बरं व्हायचं नाही, सांभाळायचं. सांभाळायचं कुठं, तर इथं. सगळी दारं एका रंगाची. संडासाचं दार आणि भिंतीतल्या कपाटाचं दार शेजारी शेजारी, जुळ्या भावांसारखी. ती घाईनं कपाट उघडायची, साड्यांकडं बघत उभी राहायची, आणि तिथंच व्हायचं. फरशी इतकी चकचकीत की तिला पाणी साचल्यागत दिसायचं. साडी वर धरून भिंतीच्या कडेकडेनं चालायची. एकदा त्यातच पडली.

मग दिवसाला एक बाई ठेवली, रात्रीला दुसरी. डायपर आले. औषधाला म्हणावं तर फारसं लागतच नव्हतं. सगळा पैसा जायचा तो हिला संडास दाखवायला आणि बाहेरचं दार राखायला. द्यायची मुलगी. ती वाघोलीला राहते, नोकरी करते. तिनं स्वतःची गाडी विकली हे मला जावयाच्या बोलण्यातून कळलं. ती बसनं यायची आणि मी विचारायचो, "उशीर का गं झाला?"

एके दुपारी बाई भाजी निवडत होती तेवढ्यात ही खाली गेली. लिफ्टचं खालचं बटण तिला बरोबर सापडायचं. शोधत गेलो तर पार्किंगमध्ये एका खांबाशी साडी सावरून बसलेली. ओघळ कुणाच्यातरी गाडीखाली गेलेला. कंपाउंडाबाहेरच्या, चाळीच्या वेळच्या कडुलिंबावरनं मी जागा ओळखली. आमची मोरी तिथंच होती.

गाडीवाला म्हणाला, "काका, इथं माणसं राहतात. काकूंना जरा कुलपात ठेवत जा."

त्याला सोडून मी हिच्यावरच ओरडलो, "लाज वाटत नाही तुला?"

ती दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, हळू बोला. शेजारी ऐकतील. आपल्याच घरात बसलेय ना मी?"

त्यानंतर मुलगी म्हणाली, "अण्णा, आता माझ्यानं होत नाही. आमच्याकडं अशा विसरणाऱ्या माणसांसाठी एक जागा बघितलीय मी. आईला तिथं ठेवू."

"बायको सांभाळता आली नाही म्हणून लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"बरं. मग त्या लोकांनाच सांगा पुढचे पैसे भरायला."

मी हिच्या साड्यांची पिशवी भरायला घेतली.

ती जागा म्हणजे बैठं घर. मधे अंगण, भोवती पडवी. माणूस चालत राहिला की फिरून आपल्या जागी येतो, म्हणून कुणाच्या मागं धावावं लागत नाही. फरशी मातीच्या रंगाची, खरबरीत. संडासाचं दार पिवळंजर्द, खाटेवरनं दिसणारं. एवढ्या म्हाताऱ्या माणसांना बाया मोजक्याच, कारण निम्मं काम ते घरच करत होतं. आमच्या दोन बायांना जायचं त्याहून तिथं कमी लागायचं. पोती उचलण्यात जन्म गेला माझा, पण माझ्या हौसेचं ओझं पोरीच्या पाठीवर किती होतं, ते तिथं उभं राहिल्यावर कळलं.

पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा ही पडवीत बसली होती. डायपर लागेनासा झाला होता. माझ्या डोळ्यांदेखत उठली, सरळ त्या पिवळ्या दारातून आत गेली, परत आली, पदराला हात पुसले. मला तिच्याकडं बघवेना.

तिनं मला ओळखलं नाही. "या पाहुणे, बसा. उन्हातनं आलात?" म्हणाली. मग दाराकडं बोट दाखवलं, "ती बघा, तिकडं मोरी आहे. इथनंच दिसते. हातपाय धुऊन घ्या."

मी म्हणालो, "घर चांगलंय तुमचं."

"असणारच की. आमच्या ह्यांनी बांधून घेतलंय," ती म्हणाली. "मला विचारून."

मी चपला काढल्या आणि हातपाय धुवायला गेलो.