हातभराचा फटका

दोंडाईच्याजवळच्या खेड्यातला चुडामण शिकायला म्हणून पुण्याला मामाकडे गेला. मामा गोल्फच्या मैदानावर माळी. शिक्षण राहिलं बाजूला. चुडामण साहेबलोकांच्या काठ्यांची पिशवी वाहू लागला आणि कुणीतरी टाकून दिलेल्या मोडक्या काठीने खेळायला शिकला. पंचविशीत तो व्यावसायिक खेळाडू झाला. "मना पोऱ्या चेंडू खेळस," त्याची आई सुंदरबाई गावात सांगायची.

कोलकात्याच्या स्पर्धेत शेवटच्या दिवशी तो सगळ्यांच्या पुढे होता. शेवटच्या खळगीपासून चेंडू हातभर लांब. चुडामण वाकला आणि मागून कुणी धक्का द्यावा तसं मनगट उडालं. चेंडू खळगीच्या कडेने निघून गेला. करंडकही गेला.

एवढ्यावर भागतं तर माणूस विसरला असता. पण ते मनगट पुन्हा ताळ्यावर आलंच नाही. लांबचे फटके बंदुकीच्या गोळीसारखे जात. जवळचा आला की हात उडालाच. हातातली कपबशी हलत नसे, सुईत दोरा ओवता येई. डॉक्टर म्हणाले, हातात काही दोष नाही. दोषच नाही, तर औषध कशाचं करायचं? "तुले नजर लागनी, भाऊ. बठ्ठं बरं व्हई जाई," म्हणत आईने मीठ-मोहरी उतरवली. पुढे आई गेली. हात तसाच राहिला.

स्पर्धा सुटल्या. पुण्याच्या मैदानावर शिकवायचं काम होतं, तेही सुटलं. बायको पुनमला घेऊन तो जळगावला, पिंप्राळ्यात आला आणि भावाच्या पाइपांच्या दुकानात बसू लागला.

गेल्या वर्षी धुळ्याच्या गिरधरशेठनी आपल्या मळ्यात गोल्फचं छोटं मैदान केलं आणि शिकवायला त्याला बोलावलं. चुडामण पुन्हा माणसांत आला. जुने बूट घासूनपुसून निघाला.

पाहुण्यांसमोर पहिलाच फटका खळगीतल्या झेंड्यापाशी पडला. टाळ्या झाल्या.

"आता आत टाका, भाऊ!" शेठ हौसेने म्हणाले.

चुडामण वाकला. हात उडाला.

"होतं असं. पुन्हा मारा."

त्याने पुन्हा मारला. परत मारला. कुणी हसलं नाही. हळूहळू पाहुणे जेवणाकडे वळले, आणि तो एकटाच चेंडूवर वाकलेला राहिला.

"कसं झालं?" घरी पुनमने विचारलं.

"त्यांना दुसरा माणूस मिळाला."

तिने काठ्या माळ्यावर टाकल्या, तेव्हा त्याने अडवलं नाही. दुकानात एखादं गिऱ्हाईक विचारतं, "पुण्याला काय करायचे, भाऊ?"

"नोकरी," तो सांगतो, आणि पाइप मोजायला लागतो.